दोन ओळींची पाटी

समजा, यावल तालुक्यातल्या एका महिला बचत गटाने केळीच्या वेफर्सचा धंदा सुरू केला. माल चांगला, गिऱ्हाईक हळूहळू वाढते आहे. जळगावात शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाकडून त्यांनी वेबसाइट करून घेतली. पहिल्या पानावर कच्च्या केळ्यांचे घड, कढई, पाकिटे असे सुरेख फोटो. महिन्याभराने गटातल्या एकीची पुण्याला राहणारी भाची गूगलवर गटाचे नाव टाकते. साइट सापडते, पण नावाखाली ओळी येतात त्या अशा : ‘होम. आमच्याविषयी. उत्पादने. गॅलरी. संपर्क. सर्व हक्क राखीव.’ त्यात वेफर्स नाहीत, केळी नाहीत, यावलही नाही.

हा मजकूर कुणी बसून लिहिलेला नाही. यंत्राला पानावर वाचण्यासारखे जे हाती लागले ते त्याने उचलून ठेवले. पण पाहणाऱ्याला ते कसे कळणार? त्याच्या लेखी ती दुकानाची पाटी आहे. धुळ्याच्या पाचकंदील भागात एखाद्या दुकानावर नुसते ‘दार, खिडकी, गल्ला, पायरी’ असे लिहिलेले दिसले तर माणूस जसा पुढे जाईल, तसाच तो इथेही पुढच्या नावाकडे जातो. साइटवर हजारो रुपये खर्च होतात आणि या दोन ओळींकडे कुणाचे लक्ष जात नाही. धंद्याचे पहिले दर्शन मात्र त्याच ओळींतून घडते, म्हणून हे प्रकरण केवळ त्यांच्यासाठी.

शोधाच्या निकालात प्रत्येक पानाचे तीन भाग दिसतात : पानाचा पत्ता, त्याचे शीर्षक आणि त्याखालचे छोटे वर्णन. या वर्णनाला त्या क्षेत्रातले लोक ‘स्निपेट’ म्हणतात. गूगलचा यांत्रिक वाचक, म्हणजे बॉट, दुव्यांवरून फिरत पानांपर्यंत येतो, मजकूर वाचून नेतो आणि तो गूगलच्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये, जमा होतो. आपण शोध घेतो तेव्हा गूगल या साठवणीत पाहते आणि विचारलेल्या शब्दांना धरून पानातले एखादे वाक्य वर्णन म्हणून निवडते. त्यामुळे एकाच पानाचे वर्णन दोन माणसांना वेगवेगळे दिसू शकते. ‘केळी वेफर्स’ टाकणाऱ्याला एक वाक्य दिसेल, ‘यावल वेफर्स कुरिअर’ टाकणाऱ्याला दुसरे.

पानाच्या मालकाला आपल्याकडून वर्णन सुचवण्याची सोय आहे. प्रत्येक वेबपानाला वाचकाला न दिसणारा एक डोक्याकडचा भाग असतो. त्यात ‘मेटा डिस्क्रिप्शन’ नावाची एक ओळ लिहिता येते. वर्डप्रेससारख्या साधनात योस्टसारखे प्लगइन घातले की त्यासाठी सरळ एक चौकट मिळते. इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. ही ओळ लिहिल्याने साइट निकालांत वर चढत नाही. गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केले होते की ‘कीवर्ड’ची मेटा ओळ ते क्रमवारीसाठी मुळीच पाहत नाही, आणि वर्णनाची ओळ वर्णन दाखवायला कधीकधी वापरली तरी क्रमवारीसाठी वापरत नाही. ‘मेटा टाकून साइट पहिल्या नंबरला आणतो’ असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. वर्णनाचे काम वेगळे आणि माझ्या मते जास्त मोलाचे आहे : समोर आलेल्या माणसाला दाराच्या आत घेणे.

शिवाय ती सूचना आहे, हुकूम नाही. शोधणाऱ्याच्या प्रश्नाला पानातले दुसरे वाक्य जास्त जवळचे वाटले तर गूगल तेच दाखवते. म्हणून वर्णन दुरुस्त करायचे तर नुसती लपलेली ओळ बदलून भागत नाही, पानही बदलावे लागते. या प्रकरणात मला मुख्य सांगायचे आहे ते हेच, आणि मराठी साइटींच्या बाबतीत ते दुपटीने खरे आहे.

एके काळी तर मालकाच्या हातात याहून कमी होते. 1998 साली सुरू झालेल्या ओपन डिरेक्टरी, म्हणजे डीमॉझ, या सूचीत जगभरचे स्वयंसेवक संपादक साइटींची वर्णने लिहीत आणि गूगल अनेकदा तीच उचलून दाखवी. दुकान तुमचे, पाटी तिसऱ्याने रंगवलेली, आणि ती जुनी झाली तरी खोडायची सोय नाही. पुढे 2006 मध्ये ‘माझ्यासाठी त्या सूचीतले वर्णन वापरू नका’ असे सांगणारी खास खूण आली. मार्च 2017 मध्ये डीमॉझ बंद पडले आणि ती कटकट संपली. त्याच वर्षाच्या अखेरीस गूगलने वर्णने लांब केली, जवळजवळ दुप्पट, आणि मे 2018 च्या सुमारास पुन्हा आखडती घेतली. लांब वर्णने लिहून बसलेल्यांची मेहनत वाया गेली. त्यातून घ्यायचे एवढेच की महत्त्वाचे ते पहिल्या वाक्यात यायला हवे. शेपूट कापली गेली तरी चालेल.

थोडे वेगळ्या वाटेने सांगतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देवांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहांत काम केलेल्यांना ‘वर्णनात्मक सूची’ हा प्रकार ठाऊक असतो. पोथीचे नाव, कर्ता, विषय, पानांची संख्या, आरंभ, शेवट, कुठे खंडित आहे का, हे सगळे चार ओळींत. अभ्यासकाला शेकडो पोथ्या सोडून पाहणे शक्य नसते. कुठली सोडायची हे तो त्या चार ओळींवरून ठरवतो. सूची करणारा पोथीची स्तुती करत नाही, तिच्यात काय आहे ते सांगतो. वेबपानाचे वर्णन लिहिताना मला याहून चांगला आदर्श सापडलेला नाही.

आता वर्णने बिघडतात कशी ते पाहू. सर्वांत साधी चूक म्हणजे साधनाबरोबर आलेला मजकूर तसाच राहणे. जुन्या जूमला साइटींच्या वर्णनात जूमलाचीच जाहिरात असे, आणि वर्डप्रेसच्या नव्या साइटीवर ‘आणखी एक वर्डप्रेस साइट’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आपोआप येई. साइट बनवणारा ते पुसायला विसरला की वर्षानुवर्षे तेच पाटीवर. दुसरी चूक, सगळ्या पानांना एकच वर्णन. तिसरी जास्त नुकसानीची : साइट बनत असताना ‘सर्च इंजिनांना दूर ठेवा’ अशी खूण केलेली असते आणि काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. मग साइट निकालातच येत नाही. बॉटला नुसते दाराबाहेर थांबवणारी ‘रोबोट्स’ नावाची फाइल राहून गेली असेल, तर कधीकधी नाव येते आणि वर्णनाच्या जागी ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच दिसते.

आपल्याकडचे सर्वांत मोठे दुखणे मात्र चित्रांचे आहे. आपल्या दुकानांना पोस्टरची सवय आहे. व्हॉट्सॲपसाठी एक रंगीत जाहिरात बनते, तिच्यात दुकानाचे नाव, मालाची यादी, भाव, पत्ता, वेळ सगळे असते, आणि तेच चित्र साइटीवर चढवले जाते. माणसाला ते वाचता येते. बॉटच्या लेखी ते एक चित्र असते आणि त्यातल्या अक्षरांचा पानाचा मजकूर म्हणून भरवसा धरता येत नाही. आपल्या यावलच्या वेफर्सचे हेच झाले होते : पानावर टाइप केलेली अक्षरे म्हणजे फक्त मेनूतली नावे आणि तळाची हक्कांची ओळ, म्हणून पाटीवरही तेवढेच आले. चित्र ठेवा, जरूर ठेवा, पण त्यातला प्रत्येक शब्द खाली टाइप करून द्या.

दुसरे मराठी दुखणे जुन्या फाँटचे. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 सालची, आणि तिच्यात देवनागरी होती. तरी आपल्या छपाईत आणि पुढे वेबवर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांचे राज्य पुष्कळ वर्षे चालले. या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. गूगल पोटातले वाचते. त्यामुळे अशा पानाचे वर्णन म्हणजे इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी. गावोगावच्या संस्थांचे जुने अंक, अहवाल आणि गावांचे इतिहास अशा रूपात चढवलेले असतील तर ते मराठीत शोधून सापडणार नाहीत. त्यांच्यावर वरून चांगली मेटा ओळ चिकटवणे हा उपाय नव्हे. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, तेव्हा एका माणसाने बसून मुद्रितशोधन करणे आलेच. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते झालेच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण ती जवळून पाहण्यासारखी आहे. जळगावच्या विद्यापीठाचे पूर्ण नाव घ्या : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजतो. त्या हिशेबाने या नावात 45 चिन्हे आणि 5 मोकळ्या जागा, म्हणजे 50 होतात. वेबवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट जागा घेते, मोकळी जागा 1 बाइट. म्हणजे नुसते नाव 140 बाइटचे. वर्णन साधारण दीडशे अक्षरांच्या आसपास ठेवावे असा एक रूढ सल्ला आहे. तो इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून आलेला, आणि इंग्रजीत अक्षर व बाइट एकच. साइटचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘155 वर कापा’ असे सांगताना बाइट मोजले, तर विद्यापीठाचे नाव संपल्यावर जेमतेम पाच चिन्हे उरतात, आणि कात्री चिन्हाच्या मध्येच बसली तर शेवटी काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह उमटते. ‘प्र’चा ‘प’ आणि लटकता हलन्त एवढेच उरणे हा त्याच चुकीचा सौम्य प्रकार. दोष गूगलचा नसतो. पीएचपी या संगणकीय भाषेत लिहिणाऱ्याने बाइट मोजणाऱ्या आज्ञेऐवजी अक्षरे मोजणारी आज्ञा वापरली की मधेच तुटलेले चिन्ह येत नाही, आणि शब्दाच्या शेवटी कापा असे सांगितले की हलन्तही लटकत नाही. गूगल स्वतः अक्षरे मोजून कापत नाही, पडद्यावरची रुंदी पाहून कापते. मोबाइलवर आणि संगणकावर ती वेगळी असते.

याच विद्यापीठावरून नावांचा प्रश्नही कळतो. 15 ऑगस्ट 1990 रोजी ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झाले, जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही त्याची हद्द, आणि 2018 साली त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. विद्यार्थ्यांच्या तोंडी अजून ‘उमवि’ आहे, इंग्रजीत ‘एनएमयू’, वेबपत्त्यातही ‘एनएमयू’च. एखाद्या संलग्न महाविद्यालयाच्या पानावर फक्त जुने नाव राहिले असेल तर वर्णनातही जुनेच येणार. फक्त नवे पूर्ण नाव लिहिले तर ‘उमवि निकाल’ टाकणारा मुलगा कदाचित पोचणार नाही. मग करायचे काय? पानाच्या पहिल्या परिच्छेदात सहज येईल असे एक वाक्य लिहायचे : पूर्वीचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (उमवि). माणसालाही खुलासा होतो आणि यंत्रालाही.

बहिणाबाई हे नावही एकटे पुरत नाही. एक बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, 1880 ते 1951 हा त्यांचा काळ. दुसऱ्या त्यांच्या आधीच्या, सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई. ‘बहिणाबाईंची संपूर्ण माहिती’ असे वर्णन लिहिले तर शाळेतल्या पोराने कुठल्या बहिणाबाई समजाव्यात? जळगावचेही तसेच. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. धुळ्याचे इंग्रजी रूप जुन्या कागदांत ‘धुलिया’ असे येते. 1906 साली खानदेश जिल्हा दुभंगला तेव्हा पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघाला, म्हणून त्याआधीच्या मजकुरावरून केलेल्या पानांत शहादा, तळोदा अजून धुळे जिल्ह्यात आढळले तर नवल नाही. आणि ‘खानदेश’ की ‘खान्देश’? दोन्ही चालतात, दोन्ही लोक टाइप करतात. वर्णनात एक रूप ठेवा आणि पानाच्या मजकुरात कुठेतरी दुसरेही येऊ द्या. सगळी रूपे एका ओळीत कोंबू नका, ते वाचवत नाही.

आता यावलच्या पाटीकडे परत. पहिला मसुदा बहुतेक वेळा असा येतो : ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’ यात खोटे काही नाही, पण हे वाक्य सराफाला, शिकवणीला आणि ट्रॅक्टरच्या शोरूमला सारखेच लागू पडते. दुसरा मसुदा ‘जाणकारा’चा : ‘केळी वेफर्स, केळ्याचे वेफर्स, बनाना चिप्स, जळगाव वेफर्स, बेस्ट वेफर्स.’ हे वर्णन नाही, शब्दांचा ढीग आहे, आणि गूगल तो बहुधा बाजूलाच ठेवते. तिसरा असा लिहून पाहू : ‘यावल तालुक्यातल्या कच्च्या केळ्यांचे वेफर्स : साधे, मिरी आणि तिखट. शेंगदाणा तेलात तळलेले. पाव किलोपासून पाकिटे. जळगाव, भुसावळ, धुळ्यात पोच, इतरत्र कुरिअरने.’ माल कुठला, कसा, किती, कुठे मिळेल हे सगळे आले आणि शेवट कापला गेला तरी पहिले वाक्य पुरते. हीच माहिती पानावरही तशाच साध्या वाक्यांत टाइप केलेली असावी, म्हणजे गूगलने दुसरे वाक्य निवडले तरी ते कामाचेच निघेल.

इथे एक मोह टाळायला सांगतो. जळगावच्या केळ्यांना आणि भरिताच्या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2021 मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन मानांकित केळी दुबईला गेली. हे अभिमानाने सांगावे असेच आहे. पण मानांकन केळ्यांना आहे, वेफर्सना नाही, तेव्हा ‘जीआय मानांकित वेफर्स’ असे पाटीवर लिहू नये. वर्णन वाचून आत आलेल्या माणसाला आत तेच सापडले पाहिजे.

बदल केला म्हणजे निकाल लगेच बदलत नाही. गूगलचा बॉट पुन्हा पानावर यावा लागतो, आणि त्याला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. वाट कमी करायची तर सर्च कन्सोल हे गूगलचे फुकट साधन वापरावे. आधी साइट आपली असल्याची खात्री पटवून द्यावी लागते, मग यूआरएल तपासणीच्या खिडकीत पानाचा पत्ता टाकून ‘पुन्हा इंडेक्स करा’ अशी विनंती करता येते. तीच खिडकी गूगलला पान कसे दिसते तेही दाखवते. ज्यांच्या साइटीच्या वर्णनात अचानक जपानी अक्षरे दिसू लागतात त्यांनी तर ती पाहिलीच पाहिजे. साइट हॅक झाल्याची ती ठरलेली खूण आहे. मालकाला पान नेहमीचे दिसते, बॉटला वेगळेच वाढलेले असते. अशा वेळी वर्णन बदलत बसू नका. आधी साइट साफ करा, सगळे पासवर्ड बदला, जुनी प्लगइन काढा आणि सर्च कन्सोलमध्ये कुणी अनोळखी माणूस मालक म्हणून शिरलेला नाही ना ते तपासा.

पानावरचा एखादा तुकडा वर्णनात यायलाच नको असेल, जसे घरचा फोन नंबर किंवा जुनी सूचना, तर त्याच्याभोवती ‘डेटा-नोस्निपेट’ ही खूण घालता येते. 2019 पासून वर्णनाची कमाल लांबीही सांगता येते. छोट्या धंद्याला याची गरज क्वचित पडते.

ज्यांची साइट आहे, दुकानाची, शाळेची, वाचनालयाची, त्यांनी आज एक करावे. गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन आणि त्याला जोडून आपला पत्ता असे टाइप करावे. आपली जी पाने गूगलला माहीत आहेत ती समोर येतील. पहिल्या पाच पानांची वर्णने तुमचे काम माहीत नसलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, इथे काय मिळते? ज्या पानाचे उत्तर त्याला देता आले नाही, त्या पानापासून सुरुवात करा.